मावशी डावीकडे, काका उजवीकडे आणि मधोमध मी

तीर्थस्वरूप भाऊजी,

तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. (वाकून हे शब्दशः घ्यावं. चार दिवस झाले, कंबर सरळ होत नाही. कारण पुढे येईलच.) तुमचा रक्तदाब, ताईचा गुडघा आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूशी चाललेला तुमचा वाद, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळे सुखरूप आहेत. जे काही झालं ते माणसांना झालेलं नाही, माझ्या तत्त्वांना झालं आहे, आणि ते ऐकून घ्यायला तुमच्याइतका सहनशील माणूस नात्यात दुसरा नाही. तेव्हा चहा घेऊन बसा.

मावशीच्या डाव्या हाताची दोन बोटं वर्षभरापासून आखडत चालली आहेत, हे ताईने तुम्हाला सांगितलं असेलच. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांचं म्हणणं, त्यानंतर ती भाजी चिरू शकेल, बटणं लावू शकेल; व्हायोलिनचं मात्र ते काही बोलत नाहीत आणि मावशीही विचारत नाही. म्हणून तिने आणि काकांनी ठरवलं की त्याआधी एकदा आमच्या वाचनालयाच्या सभागृहात दोघांनीच बसून वाजवायचं. मावशीचं व्हायोलिन, काकांचा चेलो आणि साठ खुर्च्या. संगीत मंडळाचा अध्यक्ष या नात्याने (निवडून आलो असं नाही, त्या सभेत इतर कोणाला बोलायला वेळ उरला नाही) मी तिला विचारायला गेलो की रेकॉर्डिंग करायचं का. कलावंताचा वारसा या विषयावर चार वाक्यं तयारही होती. तिने ती दुसऱ्या वाक्याला तोडली. म्हणाली, "वारसा राहू दे रे. मला आम्हाला एकदा समोरून ऐकायचंय."

मला आधी कळलंच नाही. मग तिने व्हायोलिन हनुवटीखाली धरून दाखवलं. ते येतं डाव्या कानाच्या अगदी खाली. आणि काका बसतात तेही तिच्या डावीकडेच. म्हणजे एक्केचाळीस वर्षं तिने नवऱ्याचा चेलो आपल्याच वाद्याच्या भिंतीपलीकडून ऐकला आहे. ते दोघं मिळून जे काही तयार करतात ते तिसऱ्या रांगेतल्या कोणाही उपऱ्याला ऐकू येतं, त्यांना स्वतःला कधीच नाही. भाऊजी, मी आयुष्यभर अन्यायावर बोलत आलो, पण इतका साधा, इतका बिनबोभाट अन्याय मला कोणी दाखवला नव्हता. मी तिथल्या तिथे शब्द दिला की तुला तिसऱ्या रांगेत नेऊन बसवीन. काका चष्मा पुसत म्हणाले, "शब्द याच्याकडे पुष्कळ आहेत, एखादा दिला तर बिघडत नाही."

रेकॉर्डिंगसाठी मी तुमच्याच शिष्याला बोलावलं, रेडिओवर तुमच्या हाताखाली शिकलेल्या. (पन्नाशीला आला, पण अजून कोणाची झोपमोड होईल अशा बेताने बोलतो.) त्याने बेत सांगितला. एक माइक व्हायोलिनपाशी, एक चेलोपाशी, दोन जरा मागे; मग घरी जाऊन सगळं मिसळायचं आणि व्हायोलिन डावीकडे, चेलो उजवीकडे असं बटणाने सरकवायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बटणाने सरकवायला माणसं म्हणजे काय कपाटं आहेत? मी कार्यकारिणी बोलावली आणि तिच्यापुढे पन्नास मिनिटं बोललो. तुम्हीच मला एकदा समजावलं होतं की आवाज डावीकडून आला हे आपल्याला कळतं ते तो डाव्या कानात थोडा आधी आणि थोडा मोठा पोहोचतो म्हणून. कान दोन, तर माइक दोन पुरतात. एवढ्याशा पायावर मी छपाईचा शोध, न्यायदानाचा इतिहास आणि साक्षीदाराची नीतिमत्ता एवढी इमारत उभी केली. वाद्याच्या तोंडाशी लावलेला माइक हा खुशमस्कऱ्या, तो एकाचंच ऐकतो. दूर उभे राहून दोन माइक जे ऐकतात ती साक्ष. ठराव एकमताने मंजूर झाला. (दोघांना डुलकी लागली होती, त्यांचं मत मी गृहीत धरलं.)

तुमच्या शिष्याने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "दोनच तर दोन, सर. पण मग समोरचं ऐकणारे घेऊ. त्यांची पाठ लोकांकडे राहील. आपल्या हॉलमध्ये लोक जरा... असतात." माइकच्या जाती तुम्हाला मी काय सांगायच्या, पण ताईही हे पत्र वाचणार म्हणून लिहितो: काही माइक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं बहुतेक सोडून देतात, काही चारी दिशांचं सारखंच ऐकतात. आता तुम्हीच सांगा, लोकांकडे पाठ फिरवणारं यंत्र मी, ज्याने चाळीस वर्षं लोकांसमोर उभं राहून घसा कोरडा केला, ते मान्य करणार? मी त्याला सांगितलं की हॉल हेही एक वाद्यच आहे, श्रोत्यांचा श्वाससुद्धा आला पाहिजे. तो म्हणाला, "श्वासाचं काही नाही, सर," आणि गप्प झाला. तो का गप्प झाला याचा विचार करायला मला तेव्हा सवड नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी चारी दिशांनी ऐकणारे दोन माइक दोन स्टँडवर, मध्ये हातभर अंतर ठेवून उभे केले. दोघांच्या खुर्च्यांपासून ते सारखे दूर हवेत म्हणून मी स्वतः मोजपट्टी घेऊन फरशीवर रांगलो. (कंबर.) आणि माइकांच्या मागे, दोन हातांवर, बरोबर मध्यरेषेवर एक खुर्ची मी स्वतःसाठी ठेवली, कारण तत्त्वाचं रक्षण जवळून करावं लागतं. तीही मोजपट्टीनेच ठेवली. शेजारी आमचा औषधांचा दुकानदार बसला. त्या संध्याकाळी मावशीने काय वाजवलं म्हणून सांगू. बोटांनी तिला दगा दिला नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. काका नेहमीसारखे जमिनीकडे बघत वाजवत होते.

दोन दिवसांनी तुमचा शिष्य रेकॉर्डिंग घेऊन मावशीच्या खोलीत आला. दोन स्पीकर, समोर एक खुर्ची, तिघांमधलं अंतर सारखं. खुर्चीत मावशी, तिच्या मागे स्टुलावर काका, दाराशी मी, म्हणजे ज्याने शब्द दिला होता तो. पहिल्या सुरालाच मावशीने डोळे मिटले. मग आखडलेल्या बोटानेच डावीकडे दाखवलं, ही मी. आणि उजवीकडे, हे तुम्ही. भिंत कुठे राहिलीच नव्हती. भाऊजी, आवाजाला जागा असते हे मी वाचलं होतं, पण दोन माणसं हवेत अशी समोर येऊन बसतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, एक तिसरा माणूस म्हणाला, "श्रोत्याने मौन कसं पाळावं हे हल्ली कोणी शिकवतच नाही."

काकांनी विचारलं, "हा तिसरा कोण?"

मावशी डोळे न उघडता म्हणाली, "भाचा. आपल्या लग्नाच्या फोटोतही हा मधेच उभा आहे."

बासष्ट मिनिटांच्या कार्यक्रमात मी सत्तेचाळीस मिनिटं बोललो आहे. मला वाटत होतं मी अधूनमधून कुजबुजतोय. औषधांचा दुकानदार माझ्या किंचित डावीकडे आहे. तो एकंदर तीनदा "हं" आणि एकदा "नंतर बोलू" म्हणतो. शेवटच्या संथ तुकड्यात व्हायोलिनचा सूर विरत जातो आणि चेलो त्याला खालून अलगद धरतो, तो सूर पुरता विरायच्या आत मी म्हणतो, "पाहिलंत?" मी दाराशी उभा राहून तुमच्या शिष्याला विचारलं की मी तर माइकांच्या मागे होतो, पुढे कसा आलो. तो नेहमीच्या बेताने म्हणाला, "चारी दिशांनी ऐकणाऱ्यांना पुढचं-मागचं कळत नाही, सर. दोघांपासून सारख्या अंतरावर जो असेल तो मधोमध येतो. तुम्ही अगदी सारख्या अंतरावर होतात." मी कसा नसणार? मोजून बसलो होतो. मला काढून टाकता येईल का, हेही विचारलं. म्हणाला, मधलं काढायला गेलं तर दोघंही पोकळ होतात.

मावशीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बरं वाजवलं असावं आम्ही. तुझ्या मागे काहीतरी छान चाललं होतं." आणि बोटं चोळत बसली. ती रागावली असती तर मी उत्तर देऊ शकलो असतो. रविवारी तिने पुन्हा वाजवून बघितलं. चार मिनिटांत व्हायोलिन पेटीत ठेवलं. तेव्हापासून मी एकच विचार करतोय. मी असा साक्षीदार मागितला जो सगळ्यांचं सारखं ऐकेल. त्याने ऐकलं. खोटं एक अक्षर त्यात नाही. त्या हॉलमध्ये त्या दोघांच्या मध्ये खरोखरच मी बसलो होतो, आणि मला वाटत होतं की मी त्यांच्या बाजूने आहे.

ताईला सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, आणि या पत्रावर लगेच मत देऊ नका.

तुमचा धाकटा मेहुणा,
(तूर्त गप्प)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मध्यंतरात मला व्यासपीठाच्या कडेला कुंडीमागे बुटक्या स्टँडवर आणखी एक जोडी दिसली होती, समोरचं ऐकणारी, वादकांकडे तोंड करून. मी ती काढायला लावली. शिष्य "हो, सर" म्हणाला. पण तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस एक जोडी राखून ठेवल्याशिवाय राहील असं मला वाटत नाही, आणि "हो, सर" म्हणून तो बाहेर गेला होता, व्यासपीठाकडे नव्हे. ते रेकॉर्डिंग असेल तर मावशीसाठी हवं आहे. मी मागू शकत नाही. ठरावावर सही माझी आहे. तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारा. माझं नाव काढू नका.

दुसरा ता. क. वरची विनंती रद्द. तुमच्या नव्या घराचा पत्ता विचारायला पत्र घेऊन मावशीकडे गेलो, तर तिने ते सगळं वाचलं. (कुठेही हसली नाही.) ती जोडी चालूच होती. शिष्याने बुधवारीच रेकॉर्डिंग आणून दिलं आणि दोघांनी ते दोनदा ऐकलंसुद्धा. मला का सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तू लिहीत बसला होतास. म्हटलं, होऊ दे."

मग तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "मला वाटायचं, बोटं अडली की मी कशीबशी सावरून घेते, कोणाला कळत नाही. समोरून ऐकलं तर जिथे जिथे मी अडते तिथे चेलो आधीच थांबलेला. वर्षभर हे माझ्यासाठी थांबतायत." मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "थांबतोय कसला, माझाच हात जड झालाय," आणि चहा ठेवायला उठून गेले. मावशी म्हणाली, "खोटं बोलतायत. तेसुद्धा समोरून ऐकू येतं."

मी काही बोललो नाही. हे मुद्दाम कळवतो.

तिसरा ता. क. आता शिष्याची माफी मागायची आहे, तीही कार्यकारिणीपुढे. मसुदा सोबत जोडला आहे, अकरा पानं. "माझं चुकलं" हे शब्द नवव्या पानावर आहेत. तेवढे ठेवून बाकीचं कापून पाठवा.