निखारे उचलणाऱ्या हाताचा फोटो

माय, तुझा एक फोटो आहे. तू जन्मात कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाहीस, तरी आहे. तुला तो दाखवायचा राहिला, म्हणून लिहायला बसले.

अल्लीपूरचं आपलं रांधायचं घर आठवतं. चुलीतला निखारा बाहेर लोळला की तू तो बोटांनी उचलायचीस, लसणाची पाकळी उचलावी तसा. मी डोळे फाडून बघते. "काऊन अशी पाहून राह्यली वं? मले काईच नाई लागत," म्हणत तू हसतेस. गिरडच्या डोंगरावरच्या दर्ग्यात नवस फेडून आल्यावर हे सुरू झालं, म्हणून आयाबायांनी ठरवूनच टाकलं की दर्ग्यातल्या बाबांची कृपा झाली. मग मोहल्ल्यात कोणाचंही लग्न निघालं की मोठ्या चुलीचा विस्तव तुझ्याच हातानं. तू ओंजळीत निखारे घेऊन मांडवातून चालत जायचीस, बायका वाकून पाया पडायच्या आणि मलाच तोरा चढायचा. रात्री कुशीत घेतलंस की तुझ्या तळव्याला जळक्या कातडीचा वास यायचा. मला त्याची भीती वाटायची. पण देवाच्या देण्याला नाव कोण ठेवणार!

मनगटावरचा फिकट चट्टा वाढला, तेव्हा बाबा तुला वर्ध्याजवळच्या महारोग्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी चट्ट्यातून कातडीचा इवलासा तुकडा कापून घेतला आणि तू मान फिरवून विचारलंस, "कवा सुरू करता, डाक्टरसाहेब?" सगळे हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. औषध सुरू झालं, पण त्याच वर्षी साध्या तापानं तू गेलीस.

पुढे आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भिंतीवरचे जुने देव उतरले, बुद्धाची तसबीर लागली. शेजारची रिकामी खुंटी बघत बाबा म्हणाले, "तुह्या मायचा एखांदा फोटो असता त बरं झालं असतं." त्यांची ती हळहळ माझ्या मनातून जाईना.

मी त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. मेणात बसवलेल्या कातडीचे यंत्राच्या पात्यानं कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर रंगवायचे. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा चढवला होता. रस्त्यानं बैलगाडी गेली तरी चित्र हलायचं, म्हणून टेबलाच्या पायांखाली सरकीची पोती. फोटो निघेपर्यंत आम्ही श्वास धरून उभे. एका दुपारी ते म्हणाले, "हा तुह्या मायच्या कातडीचा तुकडा आहे, तवाचा जपलेला. भेव वाटत असंल त नको पाहू."

मी पाहिलं. गुलाबी रानात एक बारीक नस आणि तिच्याभोवती जांभळ्या ठिपक्यांची गर्दी, मयताच्या घरी जमते तशी. "हे शरीराचे पहारेकरी," डॉक्टर म्हणाले. "रोगाचा चोर धराले आले अन् घरच पाडलं. नस गेली, म्हून चटका समजत नव्हता." म्हणजे कृपाबिपा काही नव्हती, माय. तुझी राखण करणारेच तुझा हात आतून खात होते आणि आम्ही पाया पडत होतो. पण खरी भीती पुढेच वाटली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि ते अजून तिथेच, दाटीवाटीनं, पहाऱ्यावर. तू गेलीस हे त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

डॉक्टरांनी त्याचा एक फोटो मला दिला. काळा-पांढरा. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "यात कुठी आहे थे?" मी बोट ठेवलं. त्यांनी फ्रेम करून आणली आणि त्या खुंटीला टांगली. वर्षश्राद्ध आम्ही सोडलं होतं, तरी तुझ्या तिथीला ते त्यापुढे मेणबत्ती लावत. पाहुणे विचारत, हे कोणत्या कापडाचं छापकाम?

आता बाबाही नाहीत. ती फ्रेम माझ्या स्वयंपाकघरात आहे. पोरी म्हणतात, काढून टाक, संध्याकाळी ते ठिपके हललेत असं वाटतं. मलाही वाटतं. तरी काढत नाही, कारण एक गोष्ट पोरींना सांगितलेली नाही. तुझा चेहरा मला आठवत नाही, माय. डोळे मिटून कितीही हाका मारल्या तरी तेच ठिपके जमतात, आणि मी त्यांनाच माय म्हणते.