माझी मान आणि डब्लिनची मैफल

डब्लिन, ओहायो
५ जुलै, रविवार सकाळ

ती. शैलाताई,

सरलाचा नमस्कार. तो साष्टांग आहे असं समजून घे. प्रत्यक्षात गुडघ्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे. तुझी शुगर किती आहे ते कळव, आणि खरी कळव. गेल्या पंधरवड्यात तुझ्याकडे तीनदा आमरस झाल्याची बातमी इथवर पोचली आहे (चारुताला रागावू नकोस, तुझी सून असली तरी ती आधी माझी विद्यार्थिनी होती आणि खोटं बोलायचं नाही हे तिला मीच शिकवलं आहे). आणखी एक. कराडात सगळ्यांना ‘सरला आयर्लंडला गेलीय’ असं सांगणं बंद कर. हे डब्लिन अमेरिकेतलं आहे. नावाखेरीज आयर्लंडचं इथे काही असेल असं मलाही वाटलं नव्हतं. ते कसं चुकलं हे सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस.

आधी महत्त्वाचं. माझं परतीचं तिकीट २७ जुलैचं आहे. तुझा पंचाहत्तरीचा समारंभ १ ऑगस्टला सकाळी दहा वाजता, हॉलवर, आणि भाषण माझं, हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. मी तारखा बदलत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? प्रल्हादच्या लग्नासाठी मी शाळेचं स्नेहसंमेलन एक दिवसही पुढे ढकललं नव्हतं आणि भाच्याच्या मंगलाष्टकांना पोचले नव्हते, हे तू बावीस वर्षं ऐकवते आहेस. ठरलं म्हणजे ठरलं, हे तेव्हाही माझं म्हणणं होतं. असो.

तर आमचे जावई. राजस दिवसभर एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि घरी आला की बँजो वाजवतो. बँजो म्हणजे ढोलकीच्या तोंडाला लांब दांडी लावून वर पाच तारा ताणल्या तर जे होईल ते. आवाज असा की पातेल्यात चमचे पडताहेत आणि पडतानाही घाईत आहेत. मी आल्या आल्या स्वानंदीला विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, आई, दोन वर्षं झाली, त्याला बोलू नकोस, तो फार सीरियस आहे त्याबद्दल. (आपण पत्रिका बघितली, पगार बघितला. बँजो कोण बघणार होतं?)

इथे दर शनिवारी दुपारी तीन वाजता एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये ही बँजोवाली मंडळी जमतात. त्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. डोंगराकडच्या अमेरिकन लोकांचं आहे, आपल्याकडचं भजनी मंडळ जसं आपलं आपण जमतं तसं. ह्या वर्षी गावच्या आयरिश मेळ्यासाठी त्यांनी आणि इथल्या खऱ्याखुऱ्या आयरिश वादकांनी एकत्र कार्यक्रम करायचं ठरवलं. राजसला त्यात घेतलं होतं, पण मागच्या रांगेत, नुसती साथ करायला. एकट्याने वाजवायची पाळी त्याला दोन वर्षांत एकदाही मिळाली नव्हती, आणि ती ह्या मेळ्यात मिळावी म्हणून तो माणूस जेवायचासुद्धा विसरत होता.

मे महिन्यातल्या एका शनिवारी स्वानंदीला ऑफिसचं काम निघालं आणि मला घरात एकटं कसं ठेवायचं म्हणून (जसं काही मी गॅस उघडा टाकणार होते) राजस मला बरोबर घेऊन गेला. तीन म्हणजे तीनला आम्ही पोचलो. सव्वातीनपर्यंत लोक कॉफी पीत होते, त्याबद्दल मी तिथेच बोलले. मग सगळे गोल बसले. एक खुर्ची रिकामी होती आणि ती वाऱ्यापासून लांब होती, म्हणून मी तिच्यात बसले. ती खुर्ची तशी का ठेवली होती हे मला कोणी सांगितलं नव्हतं, हे ध्यानात ठेव.

आता त्यांचं भांडण काय होतं ते समजून घे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आयरिश लोक सगळे मिळून एकच चाल वाजवतात, तीनदा, आणि मग दुसरी धरतात. कोणी कोणाकडे बघत नाही, कोणी एकटा पुढे येत नाही. तसं करणं त्यांच्यात आगाऊपणाचं समजतात. ब्लूग्रासवाल्यांचं उलट. एकेकाची पाळी येते, तो आपलं कसब दाखवतो, आणि पाळी कोणाची हे म्होरक्या नुसती मान हलवून सांगतो. मान हलली नाही तर कोणी तारेला बोट लावत नाही. आयरिश बाजूच्या म्होरक्या ऊनाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, ह्यांना मान हलवणं असभ्य वाटायचं. अमेरिकन बाजूचे म्होरके वेंडेल, केंटकीचे, खाणीवरच्या ट्रकांची दुरुस्ती करून निवृत्त झालेले, ते वाजवताना डोळे मिटून घेतात. म्हणजे एका बाजूला इशारा करणारं कोणी नाही आणि दुसऱ्या बाजूला इशाऱ्याशिवाय काही नाही. तीन आठवडे ही मंडळी तीच चाल गोल गोल वाजवत बसली होती, कारण थांबायचं कोणी हे ठरत नव्हतं. ती रिकामी खुर्ची म्होरक्याची होती. दोघांनीही मोठ्या मनाने एकमेकांसाठी सोडली होती.

त्यात मी बसले. वाजवणं सुरू झालं. ताई, खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मी पर्समधली औषधं मोजत होते. मग ऊनाबाईंनी मांडीवरची एक लहानशी षटकोनी पेटी दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. कॉन्सर्टिना म्हणतात तिला. आपल्या पेटीची धाकटी मावसबहीण म्हण. पट्ट्यांऐवजी बटणं, पण भाता तोच आणि तो श्वास घेतल्यासारखा आवाजही तोच. सहा मात्रांची चाल. मी म्हटलं, अरे, हा तर दादरा. आणि लहानपणी आपल्या अप्पांच्या पेटीशेजारी बसून जी सवय लागली ती पन्नास वर्षांनी आपोआप जागी झाली. आवर्तन पुरं होऊन ऊनाबाई समेवर इतक्या नेमक्या आल्या की माझी मान हलली. नुसती दाद दिली गं मी. अप्पांच्या पेटीला देत होतो तशी. आणि माझं तोंड त्या वेळी योगायोगाने एका फिडलवाल्याकडे (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच) होतं.

फिडलवाला ताडकन सरळ बसला आणि एकटा वाजवू लागला. बाकीचे मागे सरले. मला वाटलं, अशीच पद्धत असेल. त्याने बरं वाजवलं, समेवर आला, माझी मान पुन्हा हलली, आणि मँडोलिनवाली सुरू झाली. ती थांबली तेव्हा वेंडेल. बत्तीस माणसांच्या हॉलमध्ये (मी मोजली होती) पाऊण तास मी ज्याच्याकडे बघून मान हलवत होते तो वाजवत होता आणि मला ह्याचा पत्ता नव्हता. शेवटी घसा खवखवला म्हणून मी पाणी पिण्यासाठी हात वर केला, तर सगळे एकदम थांबले. एका श्वासात. मग जो टाळ्यांचा गजर झाला तो मला वाटलं कॉफी आली म्हणून. वेंडेल उठून माझ्याकडे आले, टोपी काढली आणि म्हणाले, “मॅम, तुम्ही इतके दिवस होतात कुठे?” मी म्हटलं, मिरजेला, सदतीस वर्षं, गणित शिकवत होते.

त्या दिवशी आणखी एक झालं. वेंडेलनी आजोबांची म्हणून एक चाल वाजवली आणि ऊनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तीच चाल त्यांच्या गावी, त्यांच्या आईच्या तोंडी. कोणे एके काळी बोटीतून कोणी घेऊन आलं असणार. नाव दुसरं, वेग दुसरा, पण हाड तेच. तू आणि मी केलेल्या आमटीत असतो तेवढा फरक. लगेच दोघांनी ‘मूळची आमची’ म्हणून वादही घातला, तेव्हा तर मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता तुझ्या लक्षात आलं असेल की एका माणसाबद्दल मी अजून लिहिलेलं नाही. त्या पाऊण तासात राजसची पाळी आली नाही. कशी येणार? मागे साथ करतानाही त्याचे चमचे घाईत पडत होते आणि दर वेळी सम येण्याआधीच हा तिथे जाऊन उभा. माझी मान हलेना. पहिल्या शनिवारी नकळत हलली नाही, पण दुसऱ्या शनिवारी मला सगळं कळलेलं होतं तरी हलली नाही. रात्रीच्या जेवणाला स्वानंदी म्हणाली, “आई, एकदाच हलव ना यार. त्याचं किती अडलंय त्यावर.” मी म्हटलं, “मला यार म्हणू नकोस. आणि ही मान आहे, शिफारसपत्र नाही.” राजस पोळीकडे बघत म्हणाला, “नाही, आई बरोबर आहेत. मी पळतो.” त्या एका वाक्याने, ताई, मला तो जावई म्हणून पहिल्यांदा आवडला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला रोज संध्याकाळी साडेसहाला डायनिंग टेबलाशी बसवलं. मी हाताने ताल धरायचा, त्याने तोंडाने मात्रा मोजायच्या, बँजो कपाटात. चार दिवस कपाटात. पाचव्या दिवशी काढू दिला. तो म्हणे, आई, बोटं आपोआप पुढे जातात. मी म्हटलं, सातवी ‘ब’सुद्धा आपोआप पुढे जायची. पाच आठवडे हे चाललं. शेजारच्या बाईंना वाटलं आमच्याकडे काहीतरी धार्मिक सुरू आहे, त्या एकदा केक घेऊन आल्या.

काल शनिवार होता. मी ठरवून गेले होते की त्याच्याकडे बघायचं, पण हलवायची ती हलली तरच. ऊनाबाईंना दाद देऊन झाली, वेंडेलना झाली. मागच्या रांगेत राजस साथ करत होता. आणि आवर्तन संपताना मला जाणवलं की हा ह्या वेळी वाट बघतो आहे. सम आली, तो तिच्याबरोबर आला, आधी नाही, आणि मी ठरवायच्या आत माझी मान हलली होती. वाजवला गं त्याने. केरव्याची दोन आवर्तनं, आठ आठ मात्रा, एक इकडची तिकडे नाही. वेंडेलनी डोळे उघडले, जे ते कधी उघडत नाहीत. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, गुडघा विसरून, आणि मग गुडघ्याने आठवण करून दिली.

मेळ्यात त्याची पाळी पक्की झाली. मंचावर मध्यभागी एक खुर्चीही ठेवणार आहेत. तिच्यात कोणी बसायचं ह्याबद्दल मतभेद नाहीत.

तू तब्येतीला जप, पायावरची सूज चारुताला दाखव, लोणच्याला हात लावू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
सरला

ता. क. मेळा १ ऑगस्टला, शनिवारी दुपारी आहे. वर मी तिकीट २७ जुलैचं लिहिलं आहे आणि ते सकाळी खरं होतं. आता इथे दुपार झाली आहे आणि स्वानंदीने ते ५ ऑगस्टचं केलं आहे.

ता. क. २. चिडू नकोस, पुढचं वाच. अप्पांच्या हातच्या तुझ्या पत्रिकेवर आषाढ वद्य चतुर्दशी लिहिलेली आहे, १ ऑगस्ट नव्हे. यंदा अधिक महिना आल्यामुळे ती तिथी ११ ऑगस्टला पडते. वाढदिवस तिथीनेच करायला हवा असं माझं पूर्वीपासून मत आहे (पूर्वी मी उलट म्हटल्याचं तुला आठवत असेल तर ते विसर). दुसऱ्या दिवशी अवस आहे, पण तू कुठे ते मानतेस? मंगळवार असल्याने हॉल मोकळा आहे. तो चारुताने तात्पुरता धरूनही ठेवला आहे. तिला रागावू नकोस, हे मी वर लिहिलंच आहे. आणि हो, प्रल्हादच्या लग्नाचं तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. स्नेहसंमेलन एक दिवस पुढे गेलं असतं तर काही बिघडत नव्हतं.

ता. क. ३. भाषण मी करणार नाही. तुझ्या टीव्हीखाली अप्पांची पेटी आहे, जिला मी सांगलीला बी.एस्सी.ला जाताना खोकं म्हटलं होतं आणि तू नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. ती बाहेर काढून ठेव. ऊनाबाई रोज अर्धा तास त्यांची कॉन्सर्टिना मला देतात. पहिल्या दिवशी नुसता सा सापडायला बावीस मिनिटं लागली, आता वेंडेलच्या आजोबांची ती चाल सरळ वाजते. तुझ्या वाढदिवसाला मी तीच वाजवणार आहे. तू समोर बस, आणि आवडलं तरच मान हलव. भाता पुसून घे, पण मधल्या सप्तकातल्या पंचमाची पट्टी चिकटू नये म्हणून अप्पांनी तिच्या फटीत आगकाडी खोचलेली आहे, ती चारुताने कचरा म्हणून काढलेली नाही ना, एवढं आजच बघून कळव.