जोडवी घट्ट होतात म्हणालीस

प्रिय स्वप्नाली बाळा,

शेजारचा ज्ञानेश उद्या हिंजवडीला येतोय, त्याच्याकडे अळिवाचे लाडू आणि हे पत्र देते. मला चौथीपर्यंतचंच लिहिता येतं, समजून घे. टोपडं माझ्या जुन्या लुगड्याचं शिवलंय, मऊ आहे. पणती झाली म्हणून अख्ख्या आळीला पेढे वाटले, चिमाबाई तर दोनदा येऊन घेऊन गेली, लबाड. पोरीच्या हनुवटीला खळी आहे ना, ती थेट तुझ्या बाबाची. बारशाला मी तिला मांडीवरून खाली ठेवेना, ते त्यासाठीच.

माझा गणराज, तुझा बाबा, गेला तेव्हा तू हॉस्टेलला होतीस. हार्ट अटॅक एवढंच तुला सांगितलं. त्या दिवशी तो चाकणच्या कंपनीतून लवकर आला, डावा खांदा धरून. तुझी आई म्हणाली दवाखान्यात जाऊ. तो म्हणाला, थांब गं, आधी विचारून बघतो. आणि मोबाईल तोंडाशी धरून म्हणाला, मशीन चालवून खांदा दुखतो, काय करू? मोबाईलनं शेक सांगितला, आराम सांगितला. त्याला जे विचारलं त्याचंच त्यानं सांगितलं. मी तेल चोळलं. पाठ घामानं ओली होती, ते मोबाईलला कुणी सांगितलं नाही. नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं तेच विचारलं, घाम आला होता का, जबडा दुखत होता का. तेव्हा उत्तर द्यायला गणराज नव्हता. मी दिलं.

काल फोनवर तू हसत म्हणालीस, आजी, डोकं ठणकतं, डोळ्यापुढे काजवे चमकतात, पाय सुजून जोडवी घट्ट होतात, पण मी मोबाईलवर बघितलंय, नॉर्मल आहे. काय टाकून बघितलंस विचारलं, तर म्हणालीस, बाळामुळे झोप न झाल्यानं डोकं दुखणे. बाळा, दुखण्याचं कारण तूच आधी सांगून मोकळी झालीस. तुझ्या बाबासारखीच. मला त्यातलं काही कळत नाही, झोपेचंच असेलही. पण मग डॉक्टरला तसं म्हणू दे.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिलं. ज्ञानेशला सांगितलंय, आत बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. तू वाचेपर्यंत तो दारातच उभा राहील, खाली रिक्षा थांबलेली असेल. लाडू दवाखान्यातून आल्यावर खा. पोरीला टोपडं घाल आणि नीघ.

तुझी, आणि आता तिचीही,
केसरआजी