त्याच गोळ्या

अण्णा, परवा डॉक्टरीणबाईंनी माझी छाती तपासली. डाव्या बाजूला एक गुठळी हाताला लागत होती म्हणून गेले होते. ती निघाली साधी चरबीची. पण तपासता तपासता त्या विचारत होत्या, वय काय, दुखतं का, आणि मग, "घरात कुणाला छातीचं काही होतं का? आईला, मावशीला?" मी म्हणाले, "वडिलांना." त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं. त्यांनी मोठ्याने पुन्हा "आईला?" म्हणून विचारलं आणि मी नाही म्हणून मान हलवली. घरी येऊन चहा टाकला तेव्हा लक्षात आलं, इतक्या वर्षांत तुमच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी बाहेर कुणाशी खरं बोलले ते हे एकच वाक्य, आणि तेही कुणाच्या कानात शिरलं नाही. म्हणून लिहायला बसले.

तुमची छाती हा आपल्या घरात अभिमानाचा विषय होता. फोर्टातल्या कचेरीत तुम्ही हेडक्लार्क, कोट घालून जाणारे. पण रविवारी सकाळी मुलुंडच्या व्यायामशाळेत मल्लखांब शिकवायचात. खांबाचं एरंडेल अंगाला माखलेलं घेऊन घरी यायचात आणि बंगल्यामागच्या विहिरीवर उघड्याने आंघोळ करायचात. आपण तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, मालक वर. तुम्ही रहाटाला हात घातलात की मालकीणबाई गॅलरीतून सुनांना आत पिटाळायची, आणि आई स्वयंपाकघरात पदर तोंडाशी धरून हसायची. मी तुमचं एकुलतं एक अपत्य. अकरा-बारा वर्षांची असताना विहिरीवरून कळशी घेऊन येत होते, तर तुम्ही थांबवलंत. "असा काय चालतोस रे? छाती पुढे काढ. पुरुषासारखा चाल." मग अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलंत, पुन्हा आणि पुन्हा, बरोबर जमेपर्यंत. जमलं. पुढे लोक म्हणायचे, पोरगा चालण्यात बापावर गेलाय. मी मुलगी आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. कुठून माहीत होतं ते आजही सांगता येणार नाही. सांगण्यासारखं कुणी नव्हतं, सांगायला शब्द नव्हता, म्हणून सांगितलं नाही. मॅट्रिक झाले, घाटकोपरला एका कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले, पँट-शर्ट घालून जात-येत राहिले. तुमच्या लेखी मी मुलगाच. हे पत्र मात्र मी माझ्या तोंडच्या भाषेत लिहिते आहे.

तुमची लघवी अडायला लागली आणि मग कंबर अशी धरली की पाटावरून उठताना भिंत लागायची. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, लघवीच्या पिशवीखालच्या गाठीचा कॅन्सर, हाडात उतरलाय. ऑपरेशनला तुम्ही साफ नाही म्हणालात. मग गोळ्या आल्या, बारीक, पांढऱ्या, आणि आपल्या स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी त्या चालू ठेवायच्या असं ठरलं. ते म्हणाले, "बायकांच्या अंगात जे द्रव्य असतं ना अण्णा, त्या जातीचं औषध आहे हे. गाठ वाढते ती पुरुषी द्रव्यावर. तिला आपण उपाशी ठेवायची." तुम्ही समजल्यासारखी मान डोलावलीत. महिन्याभरात कंबरेचं दुखणं थांबलं. तुम्ही पुन्हा कचेरीत जायला लागलात, आईने गणपतीला नारळ फोडला. सगळे खूश.

मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. आधी छाती नुसती दुखायला लागली, कुशीवर झोपता येईना. मग भरायला लागली. दाढी एक दिवसाआड केली तरी चालेल इतकी मंद झाली. दंडावरचं मांस उतरलं आणि कमरेखाली, मांड्यांवर चढलं; कचेरीची पँट कमरेला सैल आणि खाली घट्ट. तुम्ही विहिरीवर जायचं सोडलंत. मोरीचं दार लावून आंघोळ करायला लागलात. मे महिन्यात, घामाने चिंब होत असताना, घरातसुद्धा सदरा काढत नव्हता. एका रविवारी सदरा घालूनच व्यायामशाळेत गेलात. कुणीतरी अगदी साधेपणाने म्हणालं, "अण्णा, सदरा काढा की, खांबाला अडकेल." तुम्ही तसेच माघारी आलात आणि पुन्हा गेला नाहीत. आई म्हणायची, "जीव राहिला हे कमी आहे का?"

आईची नजर अधू झाल्यापासून शिलाईचं मशीन मी चालवत असे. ते तुम्हाला आवडायचं नाही. पण एके दिवशी तुम्ही मला आतल्या खोलीत बोलावता, दार लोटता आणि म्हणता, "एक बंडी शिवून दे. मांजरपाटाची. घट्ट पाहिजे." मी माप घ्यायची पट्टी आणते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून सदरा काढता, मग वळता, कारण वळल्याशिवाय माप घेता येणार नाही. नुकत्याच वयात आलेल्या मुलीची असते तशी छाती, आणि वर तुमचा पिकलेल्या केसांचा गळा. मला दया यायला हवी होती. ती आली नाही. ते सुंदर वाटलं असंही नाही. मला एवढंच वाटलं, म्हणजे हे होऊ शकतं.

"काय बघतोस?" तुम्ही म्हणालात.

"काही नाही."

"काही नाही कसं? तुझी आई बघते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर बघतो आणि लगेच नजर फिरवतो. तू असा बघतोयस की..." तुम्ही थांबलात. मग अगदी हळू आवाजात, "तुला हेवा वाटतोय की काय रे?"

मी नाही म्हणायला हवं होतं. कुठलाही मुलगा म्हणाला असता. मला नाही म्हणता आलं नाही. पट्टी हातात घेऊन उभी राहिले. तुम्ही सदरा घातलात आणि म्हणालात, "अंदाजाने शीव."

बंडी मी शिवली, बरोबर बसली. तुम्ही मात्र माझ्याशी कामापुरतंही बोलेनासे झालात. आई विचारायची, काय झालं तुमचं? काही नाही, असं आपण दोघेही म्हणायचो. मग डॉक्टरांकडे जायची वेळ आली तेव्हा नेहमीप्रमाणे मी बरोबर. तपासून झाल्यावर तुम्ही बटणं लावत विचारलंत, "डॉक्टर, ह्या गोळ्या एखाद्या धडधाकट जवान माणसाने घेतल्या तर?"

"तो कशाला घेईल?"

"समजा घेतल्या."

"मग तुमचं झालं तेच. वय कमी म्हणून जरा जास्तच. पोरंबाळं व्हायची नाहीत. लगेच मरणार नाही. का हो?"

"उगाच."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. येताना आपण पायी आलो, तुम्ही पुढे, मी मागे.

पुढच्या रविवारी आई देवळात गेली होती. स्वयंपाकघरात परात मध्ये ठेवून आपण दोघं बिरड्याचे वाल सोलत बसलो होतो. तुम्हाला व्यायामशाळा सुटल्यापासून रविवार सकाळ कुठे घालवावी कळत नसे. तुम्ही परातीकडे बघत म्हणालात, "रोज सकाळी उठलो की वाटतं, हे अंग माझं नव्हे. कुणाचं तरी चुकून आपल्याकडे आलंय. मला आठ-नऊ महिने झाले. तुला कधीपासून?"

"आठवतंय तेव्हापासून."

तुम्ही दोन-चार वाल सोललेत. "मल्लखांबावर चढवला तुला मी."

"हो."

"रडायचास."

"हो."

"मला वाटायचं, पडायला घाबरतोस." वर मालकांच्या रेडिओवर काहीतरी लागलं होतं. आणि मग, जसं कुणाची गाडी चुकली हे ऐकल्यावर म्हणावं, तसं तुम्ही म्हणालात, "वाट लागली की रे तुझी."

मला हसू आलं, अण्णा. तुम्हालाही आलं असावं, कारण तुम्ही नाक पुसल्यासारखं केलंत. त्यानंतर लगेच तुमचा आवाज नेहमीचा झाला. "मी असेपर्यंत नको. मला बघवायचं नाही. स्वतःचं बघवत नाही, तुझं कुठून बघू? मागाहून तुझं तू ठरव. तुझ्या आईला मात्र सांभाळून." मी बरं म्हणाले. "आणि दुखतं. सांगून ठेवतो. मुका मार लागल्यासारखं. जिना उतरताना हाताने धरावं लागतं." तेवढ्यात आई आली आणि तुम्ही तिच्या हातातला प्रसाद घ्यायला उठलात.

तुम्ही ते समजून घेतलंत असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ते पटलं नव्हतं. पण त्यानंतर तुम्ही मला बातम्या द्यायला लागलात. आई जवळपास नसली की, पेपर वाचता वाचता, "मांडीला मांडी घासते आता. पावडर लावावी लागते." किंवा, "भरलेली बादली एका हाताने उचलत नाही. दोन्ही हात लागतात." किंवा, "घामाचा वास बदललाय माझ्या, तुला आला का?" मी हो म्हणायचे. तुम्हाला ह्या गोष्टींची शरम होती आणि मी सोडून दुसऱ्या कुणाला त्या सांगता येत नव्हत्या. मी त्या ऐकून ठेवत होते. बाप-लेकात आधी कधी एवढं बोलणं झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी एका दुपारी तुम्ही आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेलात. गाठीने नव्हे, हृदयाने. त्या गोळ्या हृदयाला सोसत नाहीत हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा बहुधा डॉक्टरांनाही ठाऊक नसावं.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी त्याच डॉक्टरांकडे गेले. काय पाहिजे ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे अण्णा विचारत होते ते तुमच्यासाठी? नंतर एकटे आले होते तेव्हाही विचारलं त्यांनी, वाईट काय काय होईल ते. मला वाटलं, स्वतःच्याच धास्तीने विचारतायत." मग ते बराच वेळ मला नाही म्हणत राहिले. नोकरी जाईल, लोक दगड मारतील, आईचा विचार करा. मी ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. शेवटी लिहून दिलं आणि म्हणाले, "पायाला सूज आली की बंद. आणि मला दाखवत राहायचं."

माझं सगळं तुम्ही सांगितलेल्या क्रमाने झालं. दुखणं, मग भरणं, पँट खाली घट्ट, बादलीला दोन हात. कातडी इतकी मऊ झाली की दाढी करताना ब्लेड लागायचं. एकदा कचेरीचा जिना उतरताना हात आपोआप छातीकडे गेला आणि तुम्ही म्हणालेलं आठवलं. तुम्हाला जे रोज थोडं थोडं हिरावल्यासारखं होत होतं, ते मला रोज थोडं थोडं मिळत होतं, आणि दुखत मात्र दोघांनाही सारखंच होतं. आवाज बदलला नाही. खांदेही नाहीत, मल्लखांबाने केलेले, ते तसेच राहिले.

आईला कळलं ते मी फळीवरचा डबा काढायला हात वर केला तेव्हा. ती पांढरीफटक पडली. "तुलाही तेच दुखणं झालं?" मी म्हणाले, "नाही गं, मला काही झालेलं नाही. मी मुद्दाम घेते." आणि मग बसून सगळं सांगितलं. तिने शेवटी एकच विचारलं, "ह्यांना माहीत होतं?" हो म्हटल्यावर ती उठून गेली. दोन दिवस तिने तुमच्या फोटोला हार घातला नाही. राग माझ्यावर नव्हता, तुम्ही तिला वगळलंत ह्याचा होता. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "फार दुखतं का? त्यांना फार दुखायचं."

आम्ही, म्हणजे मी आणि आई, मुलुंड सोडून बोरिवलीला गेलो, कुणी ओळखत नव्हतं तिथे. मी पातळ नेसून घरीच टायपिंगची कामं करायला लागले. पहिल्याच दिवशी शेजारीण डोकावली तेव्हा आईने तिला सांगितलं, "ही आमची मोठी." जशा काही मागे अजून चार होत्या. आयुष्य तसं बरं गेलं. काही वाईट माणसं भेटली, काही चांगली. ते सगळं इथे लिहीत नाही, तुम्हाला त्यात रस नसता.

हे पत्र कुठे जायचं नाही. एकदा वाचेन आणि फाडून टाकीन. एक सांगायचं राहिलं. मला "अगं" म्हणून हाक यावी ह्यासाठी मी घर सोडलं, नोकरी सोडली, नातेवाईक सोडले, आणि बाहेर कुणी चुकूनही "अरे" म्हटलं तर दिवसभर माझ्या घशाखाली घास उतरत नसे. तुमच्याशी मी अजून मनात बोलते, आणि तिथे तुम्ही मला "अरे"च म्हणता. ते मी कधी दुरुस्त केलं नाही. ओ देते.