पाच रंगू

कुपवाड,
सोमवार, दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. स्वानंदीस,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तू बरी असशील, पाय सुजत नसतील आणि चारुशीलाताई पुढ्यात ठेवतात ते मुकाट्यानं खात असशील असं धरून चालते. सासू चांगली मिळालीय तुला, उगीच नाकं मुरडू नकोस. इकडं मी ठीक. सोबत बेदाणा पाठवतेय, रोज मूठभर भिजवून खा. मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये सकाळी आठपासून ठोकाठोक सुरू होते, आता तिच्याशिवाय मला भाकरी थापायला जमत नाही.

मावशी पत्र कसलं लिहिते, फोन बिघडला का, असं म्हणशील. फोन चांगला आहे. शनिवारी तू जे विचारलंस त्याचं उत्तर द्यायला माझी जीभ उचलेना, म्हणून दूध उतू गेलं असं सांगून मी फोन ठेवला. दूध गॅसवर नव्हतंच.

रंगू हे नाव आपल्यात कुठून आलं आणि एवढं कसं पसरलं, हे तुला हवंय. मुलगी झाली तर तेच ठेवायचं म्हणतेस, जुन्या नावांची आता लय हौस आलीय म्हणे. बारशाला भिंतीवर लावायला वंशावळ काढलीस आणि तीत तुला पाच रंगू सापडल्या. केवढं लाडकं नाव असेल गं, असं म्हणून तू हसलीस.

तर पहिली रंगूबाई म्हणजे माझ्या आजोबांची आई. सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून लग्न होऊन आपल्या जतच्या गावी आली. माणसांशी मराठी बोलायची आणि मेंढरांशी कानडी. उंचीपुरी होती, ज्वारीचं पोतं एकटी पाठीवर घ्यायची. तिच्या माहेरच्या देवावरून नाव ठेवलं होतं असं आई सांगायची, खरंखोटं देव जाणे. इकडं आधी असं नाव कुणाचं नव्हतं. तिच्यापासून ते आपल्यात आलं, तिच्या लेकीबरोबर मलकापूरला गेलं आणि मग माझ्यापर्यंत आणि तुझ्यापर्यंत आलं. हो, मी पण त्यातली. लग्नात तुझ्या काकांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं विजयमाला लिहिलं आणि माझं माहेरचं नाव तिथंच संपलं. तुझं पाळण्यातलं नाव रंगूच. स्वानंदी हे मी शाळेत घालताना दिलं.

एवढं भिंतीवर लावायला पुरे आहे.

मंगळवार

काल इथवर लिहून पाकीट चिकटवायला डिंक घेतला आणि तसाच ठेवून दिला. आज सकाळपासून दोनदा भाकरी करपली. पोरी, मला लय भीती वाटतेय. आता जे लिहिते ते बसून वाच.

आपल्यात रंगू हे नाव लाडानं कुणी ठेवलं नाही. भीतीनं ठेवलं. पहिली रंगूबाई दुसऱ्या बाळंतपणात गेली. रक्त थांबलंच नाही. बाळंतीण गेली की तिचा जीव घराभोवती घोटाळतो, पुढच्या बाळंतिणीला ओढून नेतो असं मानायचे. मग तिला शांत करायला काय करायचं, तर घरात जी पोर जन्मेल तिला तिचं नाव द्यायचं. तिची पोर जगली होती, तिलाच बाराव्या दिवशी रंगू म्हटलं. ती मलकापूरला दिली आणि तिथं बाळंतपणातच गेली. मलकापूरच्या लोकांनी घाबरून तिच्या लेकीला रंगू केलं, ती पाच वर्षांची असताना तापानं गेली. पुढं माझी सख्खी आत्या बाळंतपणात गेली. तिचं नाव वेगळंच होतं. पण पहिली रंगूबाईच आली असं म्हणाले, आणि त्याच महिन्यात मी जन्मले, मला रंगू केलं.

आणि मग तुझी आई.

अर्जुना काविळीनं गेली असं मी तुला सांगत आले. कावीळ तिला कधी झाली नव्हती. आपल्या गावी, माझ्या आईच्या घरी, तुला जन्म देऊन ती तीन तासांत गेली. तू वंशावळीत गेलेल्या या चार जणींपुढं नुसती सालं लिहिली असशील. ती सालं नीट बघ, पहिली सोडून प्रत्येक रंगूच्या आधी एक बाळंतीण गेलेली दिसेल.

त्या दिवशीचं मी कुणाला सांगितलं नाही. दुपारचे दोन वाजले होते. तू रडलीस, सुईणीनं तुला माझ्या हातात दिलं, सगळे हसत होते. मग अर्जुना म्हणाली, अक्का, खालचं सगळं ओलं लागतंय. चादर बदलली, परत भिजली. गावात पाण्याचा टँकर आला होता. ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, "आवं ताई, घाला तिला गाडीत, मी नेतो मिरजेला." आई आडवी आली. "रंगूबाई आलीया," म्हणाली, "आदी तिची वटी भरा, मग गाडी."

आणि मी गेले, स्वानंदी. सातवी शिकलेली, फौजीची बायको, चार वर्षं छावणीत राहिलेली मी, नारळ आणि हिरव्या बांगड्या घेऊन मेलेल्या बाईची ओटी भरायला विहिरीवर गेले, तिचा जीव तिथं असतो म्हणायचे. मला पण तेच खरं वाटत होतं. परत यायला पाऊण तास लागला. मग तिला टँकरच्या केबिनमध्ये घातलं. कवठेमहांकाळच्या अलीकडं तिनं माझा हात सोडला.

आईनं तुझं नाव रंगू ठेवलं तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. तुझ्या वडिलांनी वर्षात दुसरं लग्न केलं आणि तू माझ्या पदरात आलीस.

मला मूल झालं नाही, देवानं दिलं नाही, असं सगळे म्हणतात. देवाचा काही दोष नाही. लग्नानंतर वर्षानं मी मिरजेला जाऊन गुपचूप तांबी बसवून घेतली आणि मुदत संपली की परत बसवली. तुझे काका सुट्टीवर यायचे, सासूबाई नवस बोलायच्या, मला देवळं फिरवायच्या. मी उपाससुद्धा केले, सगळ्यांच्या देखत. पण तुझ्या काकांनी, लालासाहेबांनी, कधी एका शब्दानं टोचलं नाही. शेवटच्या आजारपणात म्हणाले, आपलं नशीब, तू मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा सुद्धा माझ्या तोंडून खरं निघालं नाही. मला मरायचं नव्हतं एवढंच.

आता महत्त्वाचं. महिन्यापूर्वी सांगलीत दाढ काढली, तुला सांगितलं होतं. दोन दिवस रक्त थांबेना हे नव्हतं सांगितलं. दाताच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याएवढ्या. त्यांनी विचारलं, तुमच्या घरात आणखी कुणाचं असं रक्त जातं का? मला एकसष्ट वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्चीत बसून लहान पोरीगत रडले. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रक्त गोठायला जे लागतं ते आपल्यात कमी आहे. हे आईबापांकडून पोरांत उतरतं. रंगूबाई विहिरीवर नव्हती गं, ती आपल्या अंगातच होती. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी कळलं तर काही कठीण नाही. त्यावर औषध आहे, इंजेक्शनं आहेत, रक्त तयार ठेवता येतं, बाळंतपण नीट होतं. आधी कळलं तर, असं तीनदा म्हणाल्या.

हे कळून तीन आठवडे झाले. रिपोर्ट तांदळाच्या डब्यात ठेवला होता. रोज फोन उचलायचे आणि ठेवायचे.

का, ते पण लिहिते. तुझं स्थळ ठरताना चारुशीलाताईंनी सरळ विचारलं होतं, आईला काय झालं होतं? मी त्यांच्या डोळ्यांत बघून कावीळ म्हणाले. खरं सांगितलं असतं तर ते उठून गेले असते असं मला वाटलं. आता खोटं उघडं पडलं तर तुला काय ऐकावं लागेल याची भीती. तुझी भीती, माझी भीती, सगळी एकत्र. पहिलं बाळंतपण माहेरी करायला तू माझ्याकडं येणार म्हणालीस तेव्हा कारखान्यांचा धूर, गोंगाट, असली कारणं मी काढली. पोरी, माझ्या घरात तुझी चादर भिजलेली मला बघायची नव्हती.

आणि शनिवारी तू सहज म्हणालीस, डॉक्टरांनी आईचं विचारलं, मी कावीळ सांगितली. माझं खोटं तुझ्या केसपेपरवर गेलं. त्यानंतर मला अन्न गोड लागत नाही.

तू नऊ वर्षांची असताना दात पडला तेव्हा दोन दिवस उशी लाल होत होती. मी उष्णता म्हणाले, गुलकंद चारला. तुझी पाळी दहा-दहा दिवस चालायची तेव्हाही तेच म्हणाले. मला कळत होतं. नाव माहीत नव्हतं, पण कळत होतं.

गुरुवारी तुझा निमिष कामासाठी कुपवाडला येणार आहे. हे पत्र आणि रिपोर्ट बंद पाकिटात त्याच्या हाती देते. शुक्रवारी सकाळी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडं जा. डोहाळजेवण राहू दे, पाहुणे राहू देत, आधी हे. तुम्ही नाव घातलंय ते छोटं नर्सिंग होम नको, जिथं रक्त तयार मिळतं तिथंच बाळंतपण होऊ दे. डॉक्टर मिरजेला म्हणाले तर माझ्याकडं ये, तुझी खोली मी आजच धुऊन काढली. तुमच्या साताऱ्यातच म्हणाले तर मी तिकडं येते आणि दारात बसून राहते, चारुशीलाताईंनी आत घेतलं तर आत. त्यांना सांग, खोटं मावशी बोलली, पोरीला काही माहीत नव्हतं. त्या बोलतील ते मी ऐकून घेईन.

शुक्रवारी दवाखान्यातून बाहेर पडलीस की फोन कर. तोवर मी काही खाणार नाही असं म्हणत नाही, तू रागावशील. पण फोन कर.

नावाचं तुला वाटेल तसं कर. फक्त भीतीनं ठेवू नकोस आणि भीतीनं टाळूही नकोस. आपल्यातल्या पाच रंगूंपैकी म्हातारी झालेली मी एकटीच आहे, आणि तीही पोटाला मूल न लागू देता. मला तुझे केस पिकलेले बघायला मिळणार नाहीत, पण ते पिकले पाहिजेत.

चाळीस वर्षांत हे नाव मी सहीला लिहिलं नव्हतं.

तुझी,
रंगूमावशी