एकही ओरखडा नसलेलं कोर्ट

३ मार्च
वाढदिवस. संकल्प: यंदा राष्ट्रीय खेळांना जोरदार चालना. मागच्या वर्षीही हाच होता, पण तेव्हा स्टाफ नव्हता. (आत्ताही नाही.)
आमच्या क्रीडा खात्याच्या बास्केटबॉल हॉलची चावी माझ्या पर्समध्ये असते. उद्घाटन झालं त्याच दिवशी लाकडी कोर्टावर मी जाड प्लास्टिक अंथरून घेतलं आणि कुलूप घातलं. राष्ट्रीय स्पर्धा आपल्याला मिळेल तेव्हा कोऱ्या कोर्टावर होईल. आजवर एक ओरखडा नाही. दुसऱ्या कुठल्या उपसंचालकाने करून दाखवावं!

९ मार्च, दुपारी
हॉलमधून ठप्प असा आवाज. पुन्हा ठप्प. चेंडूचा टप्पा पडावा तसा. कुलूप जागेवर. वॉचमनला विचारलं, आत कोण गेलंय? म्हणाला, बाईसाहेब, चावी तुमच्याकडे, म्हणजे जो कोण असेल तो भिंतीतूनच गेला. उर्मट. उद्या मेमो.
पारवे असावेत.

१५ मार्च
मुलींची कोच पुन्हा चावी मागायला. सगळे तिला शिट्टी म्हणतात. मुली पार्किंगमध्ये खेळतात, गुडघे सोलवटतात, राष्ट्रीय संघाची निवड तोंडावर आली आणि ती लाकडी कोर्टावर, वगैरे. संघात माझी भाचीही आहे, पण मी वशिला चालू देत नाही. समजावलं की कोर्ट वापरलं की खराब होतं. शिट्टी म्हणाली, मॅडम, मुली न वापरता खराब होतात.
वाक्य चांगलं आहे. भाषणात घालावं.

२० मार्च
संचालकसाहेबांचा फोन. वापरात नसलेले हॉल पुरवठा खात्याला गोदामासाठी देणार. तीस तारखेला पाहणी. म्हटलं, सर, निश्चिंत राहा, त्या दिवशी सामनाच भरवते. बँड, बॅनर, पाहुणे. मुलींना तोवर आत सोडायचं नाही. ऐनवेळी ओरखडा पडला तर?
मेमो राहिलाच.

२२ मार्च
भाची जेवायला आली. आत्या, एक तास तरी दे ना गं, म्हणाली. मी शिस्तीवर बोलले. तिने शांतपणे विचारलं, मग आत खेळतं कोण? आम्हाला पार्किंगमध्ये ऐकू येतं.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

२६ मार्च, दुपारी
आवाज वाढलेत. एकामागून एक, अख्खा संघ उतरल्यासारखे. दाराला कान लावला. फटीतून गार, कुबट वास. दार उघडलं नाही. घाबरून नव्हे, प्लास्टिकवर धूळ जाऊ नये म्हणून. टेबल ऑफिसच्या पार दुसऱ्या टोकाला हलवून घेतलं. तिथे उजेड चांगला आहे.
आवाज तिथेही येतो.

३० मार्च
साहेबांसमोर कुलूप उघडलं, प्लास्टिक ओढलं. शेजारच्या शॉवररूमचा पाइप कधीचा गळत होता. पाणी प्लास्टिकखाली कोंडलेलं. फळ्या काळ्या पडून, फुगून उभ्या राहिलेल्या. आमच्या डोळ्यांदेखत एक उखडली. ठप्प. तोच आवाज! म्हणजे भूतबीत काही नाही, मी म्हणतच होते.
मुली बूट हातात घेऊन दारात उभ्या. 'बूट काढून आत यावे' अशी पाटी मीच लावलेली आहे. कुणी रडलं नाही. शिट्टीने त्यांना पुन्हा पार्किंगमध्ये नेलं. बँड उगाचच वाजत राहिला.
जाताना साहेब म्हणाले, बाई, ओरखडा मात्र खरंच नाही हो. वरिष्ठांकडून कौतुक क्वचितच होतं.

७ एप्रिल
निवडीत आमची एकही मुलगी नाही. लाकडावर सगळ्या घसरल्या म्हणे. सरावाचा अभाव. शिट्टीला जाब विचारायला हवा. भाचीने बूट माळ्यावर टाकले, असं दादाने कळवलं. जेवायला येत नाही. अभ्यास असेल.

१२ एप्रिल, दुपारी
फळ्या काढून नेल्या. पाइप दुरुस्त. आत नुसतं सिमेंट. उद्या पुरवठा खात्याची पोती येणार. शेवटचं कुलूप लावायला गेले.
ठप्प. ठप्प.
फळी तर एकही उरलेली नाही. पारवेही नाहीत, मी वर पाहिलं. कुणीच नाही. दारात उभी राहून कडक आवाजात म्हटलं, आधी बूट काढा.
आवाज थांबला. बघा, शिस्त लावली की लागते.
मग पुन्हा सुरू झाला. सोबत पावलं, हलकी, अनवाणी.
कुलूप लावायचं राहूनच गेलं. हल्ली विसरायला होतं.