दुसऱ्या रायफलीच्या पुंगळ्या

मी, नोएलीन ग्रेस पास्को, कै. लेस्टर पास्को यांची पत्नी, राहणार मर्चिसन, दक्षिण बेट, न्यूझीलंड, राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने हे लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, फुप्फुसंही जायच्या वाटेवर आहेत, पण डोकं शाबूत आहे. बंदुकीच्या दारूचा एक कण पारड्यात जास्त पडला तर मला आजही कळतो. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी लेस्टरवर खूश असताना केलं होतं.

कलम १. अंमलबजावणीचं काम वकील ह्यू बॅलंटाइन यांनी पाहावं. ते सावकाश काम करतात, पण मला तेव्हा घाई नसेल.

कलम २. घर, गोठा, नदीकाठचं कुरण आणि गायी पुतण्या कर्टिस याला द्याव्यात. तोच आता दूध काढतो. त्याने गायींशी बोलताना आवाज जरा खाली ठेवावा.

कलम ३. लेस्टरची सात मिलिमीटर मॅग्नम रायफलही कर्टिसलाच. त्याच्याकडे परवाना आहे. ही रायफल दुकानातल्या काडतुसांनी कधीच धड मारत नसे. मी तिच्यामागे दोन हिवाळे घालवले. दारू थोडी थोडी वाढवायची, गोळी काडतुसाच्या पुंगळीत किंचित आत, किंचित बाहेर बसवून बघायची, दर फरकाच्या तीन गोळ्या कुरणाच्या टोकाला लावलेल्या कागदावर झाडायच्या आणि पुंगळीच्या बुडावर ताण दिसला की मुकाट दारू कमी करायची. शेवटी तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. लेस्टर म्हणाला, "नोएलीन, तुझ्या हाताला देवाने तराजूचा काटाच बसवलाय." माझ्या चेहऱ्याबद्दल एवढं गोड तो कधी बोलला नाही.

डोंगरात मात्र मी कधी गेले नाही. एप्रिलमध्ये नर हरणं माजावर येऊन डरकाळ्या फोडायला लागली की लेस्टर निघायचा. गायींसाठी घरी कुणीतरी राहायला हवं होतं आणि ते कुणीतरी म्हणजे मी. त्याच्याबरोबर रेविन टलक जायची. ती पुलाजवळ राहते, शाळेची बस चालवायची, आणि तिच्याकडे त्याच मापाची रायफल आहे.

कलम ४. या कलमाने कुणाला काही मिळत नाही. तरी ते वगळू नये.

मॅग्नमची पुंगळी पितळेची असते. बार उडाला की ती फुगते आणि ज्या रायफलीत उडाली तिच्या पोटाचा आकार घेते. मी पुन्हा भरताना फक्त तिची मान आवळते, बाकी अंगाला हात लावत नाही. म्हणून ती आपल्या रायफलीत अलगद बसते आणि दुसरीत अडते. लेस्टर परत आला की रिकाम्या पुंगळ्या माझ्यापुढे ओतायचा. एका वर्षी मी त्या त्याच्या रायफलीत घालून पाहिल्या, तर निम्म्यांवर रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, बंद होईना. मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"ह्या कुणाच्या रायफलीत उडवल्यास?"

"रेविनच्या. तिची संपली होती गं. दिली चार."

"चार? अर्धी पेटी आहे ही!"

"अगं, तिच्या रायफलीतून तर तुझी काडतुसं आणखी नेमकी जातात. खूश व्हायला पाहिजेस तू."

मी खूश झाले नाही. डोंगरातल्या झोपडीत बिछाने किती होते हे मी त्याला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला तो नाही. पण ती काडतुसं मी त्याच्यासाठी भरली होती. ती त्याने तिच्या हातात ठेवली, आणि तिच्या हातात ती जास्त खुलली. याने माझा जो जळफळाट झाला तो आजही तसाच आहे. तिच्या त्या पुंगळ्या मी निराळ्या डब्यात टाकल्या आणि डब्याला कुलूप लावलं.

कलम ५. हॉटेलच्या बारमध्ये चौदा फाट्यांच्या शिंगांचं हरणाचं एक डोकं टांगलेलं आहे. खालच्या पट्टीवर "रेविन टलक" एवढंच लिहिलं आहे. तो नर माझ्या काडतुसाने पडला. माझ्या पैशांतून तिथे दुसरी पट्टी बसवावी: "काडतूस: नोएलीन पास्को." अक्षरं तिच्या नावापेक्षा मोठी असावीत. बारवाला कुरकुरला तर शिंगांना कोट अडकवायची सवय त्याने आधी सोडावी.

कलम ६. लेस्टर गेल्यापासून रेविन दर वर्षी एप्रिलच्या तोंडावर येते. लाकडं फोडून देते, चुलीवर सूप ठेवते आणि दारातून विचारते, "यंदा तरी काडतुसं भरून देतेस का गं?" मी नाही म्हणते. गेल्या वर्षी दुकानातल्या काडतुसाने जखमी केलेली एक मादी तिच्या हातून निसटली. दिवसभर रक्ताचा माग काढूनही सापडली नाही. तेव्हापासून तिने रायफल खुंटीला टांगली आहे.

तर काडतुसं भरायचं यंत्र, तराजू, कुलुपातला डबा आणि दारूचं नेमकं माप रेविनला द्यावं. आणि या मृत्युपत्राची साक्षीदारही रेविनच असावी.

बॅलंटाइन म्हणाले, "मिसेस पास्को, साक्षीदाराला काही घेता येत नाही. तिने सही केली की हे कलम रद्द."

"ठाऊक आहे मला. बोलवा तिला."

तिने आपलं नाव वाचावं आणि हाताला काही लागू नये, अशी माझी इच्छा होती.

कलम ७. हे मी सहीआधी, बॅलंटाइन आणि दुसरी साक्षीदार म्हणून बसलेली परिचारिका मेरे यांच्यासमक्ष, माझ्या हाताने लिहीत आहे.

रेविन आली. पेन उचललं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं नाव आहे ना यात?"

"आहे."

"मग सही केली की मला काही मिळणार नाही. माझ्या भावाच्या वेळी झालं होतं असं."

"मग नको करूस."

"करते की! तुला तेच हवंय ना? मला ती काडतुसं तुझ्या हातून हवी होती, नोएलीन. कागदातून घेऊन काय करू?" आणि ती खरंच सही करायला वाकली.

तिने सही केली असती तर मोठ्या मनाची ती ठरली असती आणि मी कुलूप लावणारी. लेस्टर तिने नेला, शिंगं तिने नेली. हेसुद्धा तीच जिंकणार, हे मला मेल्यावरही सोसणार नाही. मी तिच्या हातातून पेन हिसकावलं, तिला अंगणात पाठवलं आणि दूध न्यायला आलेल्या टँकरवाल्याला साक्षीसाठी आत बोलावलं. कलम ६ कायम आहे, त्यातली साक्षीदार तेवढी बदलली. डबा रेविनलाच मिळेल. तिने नको म्हटलं तरी तिच्या दारात नेऊन ठेवावा.

मर्चिसन, ३ मार्च २०२४

सही: नोएलीन ग्रेस पास्को

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली, आणि मग आम्ही केली:
१. मेरे पारातेने, परिचारिका
२. डग्लस हेनीकर, दुधाच्या टँकरचा चालक